वीडरचं इंजिन नीट चालत नाही? पाना नंतर, आधी हे तपासा

इंजिनाच्या व्हिडिओवर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "गावात पॉवर वीडर, ब्रश कटर दुरुस्तीचं दुकान टाकायचंय, पण बिघाड ओळखायचा कसा?" आज त्यावरच सविस्तर बोलू.

आपल्या देवळाली प्रवरा, राहुरी पट्ट्यात ऊस, कांदा, डाळिंब. खुरपणीला मजूर मिळत नाहीत म्हणून वीडर वाढले. शहरात कॅम्पसवर नाहीतर गोल्फच्या मैदानावर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन असतं, त्यातल्या काही मशीनमध्येही असंच पेट्रोल इंजिन बसवलेलं असतं. एक शिकलात की दुसऱ्याला हात घालता येतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वाफसा आहे तेवढे चार दिवस शेतकऱ्याला मशीन चालू पाहिजे. त्या चार दिवसांत तुम्ही हेड खोलून बसलात आणि बिघाड निघाला जेटमधल्या कचऱ्याचा, तर त्याचं तण वाढतं आणि तुमचं नाव जातं. म्हणून तपासणी स्वस्तापासून महागाकडे न्यायची.

आधी गिऱ्हाईकाला चार प्रश्न

1. मशीन किती दिवस बंद होतं?
2. पेट्रोल कधीचं आहे?
3. थंड असताना त्रास देतं, गरम झाल्यावर, की फक्त लोडवर?
4. पिकअपमधून आडवं टाकून आणलं का?

चौथा प्रश्न गमतीचा वाटेल. पण मशीन चुकीच्या बाजूला कललं तर ऑइल एअर फिल्टरमध्ये किंवा सिलिंडरमध्ये जातं आणि निळसर पांढरा धूर निघतो. गिऱ्हाईक म्हणतं "रिंगा गेल्या". खरं तर फिल्टर आणि प्लग साफ करून, ऑइलची लेव्हल बघून थोडा वेळ चालवलं की बऱ्याचदा धूर थांबतो.

पायरी 1: पेट्रोल

हंगाम संपला की वीडर कोपऱ्यात जातो, टाकीत पेट्रोल तसंच राहतं. ते शिळं झालं की कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसतो. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. हे इथेनॉल आपल्यासारख्या भागातल्या उसापासूनही बनतं बरं का! पण ते ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं.

तपासायचं कसं? इंजिन थंड होऊ द्या. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. तळाशी वेगळा थर किंवा कचरा दिसला तर टाकी, पाईप, वाटी सगळं साफ करा.

इंजिन फक्त चोक ओढल्यावरच चालतं? म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. एकसारखी रेस वरखाली होते? तेच कारण, नाहीतर कार्बोरेटरच्या गॅस्केटमधून हवा ओढली जातेय. जेट कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं.

पंधरा-वीस मिनिटं चालून बंद पडतं? टाकीचं झाकण सैल करून बघा. त्यानंतर चाललं तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय.

पायरी 2: हवा

काळा धूर, लोडवर गुदमरणं, पेट्रोल जास्त खाणं: आधी एअर फिल्टर बघा, मग चोक पूर्ण उघडतोय का ते. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, दोन-चार थेंब इंजिन ऑइल लावून पिळून बसवा. ऑइलचा फिल्टर असेल तर जुनं ऑइल काढून खुणेपर्यंत नवीन भरा. फिल्टर काढून मशीन चालवायचं नाही, धूळ सिलिंडर खाते.

पायरी 3: ठिणगी

प्लग काढा आणि रंग वाचा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी किंवा इंजिन तापतंय. ऑइलने ओला म्हणजे आत ऑइल जळतंय. गॅप बऱ्याच चार स्ट्रोक इंजिनांत 0.7 ते 0.8 मि.मी. असतो, तरी त्या मशीनचं पुस्तक बघा.

ठिणगी तपासताना पेट्रोलचा कॉक बंद, टाकीचं झाकण लावलेलं, सांडलेलं पेट्रोल पुसलेलं. प्लग कॅपमध्ये घालून त्याचा आटा इंजिनाच्या लोखंडाला टेकवा, पण हाताने धरू नका. ठिणगी नाही? लगेच कॉइल बदलायला धावू नका. ऑइल कमी असेल तर काही इंजिनांत सेन्सर ठिणगीच तोडतो. ऑइल, स्विच, कॅप, मग कॉइल.

पायरी 4: कॉम्प्रेशन

हे सगळं ठीक असेल तरच इथे या. आधी थंड इंजिनवर फिलर गेजने व्हॉल्व्हचा गॅप बघा. गेजवर कॉम्प्रेशन कमी दिसलं म्हणून रिंगा गेल्या असं ठरवू नका, कारण बऱ्याच इंजिनांत दोरी सोपी ओढली जावी म्हणून मुद्दाम दाब सोडायची सोय असते. व्हॉल्व्हचा गॅप बरोबर असूनही ताकद नाही आणि निळा धूर कायम आहे, तेव्हाच हेड खोला.

आता धंद्याचं बोलू

तपासणीचे पैसे वेगळे लावा आणि आधीच सांगा. लोक म्हणतात "नुसतं बघायचे कसले पैसे?" पण तपासणी फुकट ठेवली की कमाई पार्टवरच राहते, आणि मग नको तो पार्ट बदलायचा मोह होतो. जॉबकार्डवर चारही पायऱ्यांसमोर काय आढळलं ते लिहा. बदललेला जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्या. विश्वास यातूनच बसतो.

आणि हंगाम संपताना प्रत्येकाला सांगा: टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग ठेवा. "असं सांगितलं तर काम कमी होईल ना?" नाही होत. तोच शेतकरी जूनच्या आधी सर्व्हिसिंगला तुमच्याकडेच येतो, आणि तेव्हा तुमच्याकडे वेळही असतो.

चार पायऱ्या वहीत लिहा, एखादं जुनं इंजिन घेऊन सराव करा. कुठे अडलात तर मशीनचं लक्षण आणि प्लगचा रंग, दोन्ही लिहून विचारा. भेटू पुढच्या व्हिडिओत!