कसाव्याचा रोग: पानाचे छायाचित्र पुरेसे नाही

ज्या कंदापासून साबुदाणा तयार होतो, तो कसावा आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचे मुख्य अन्न आहे. त्याचे रोग शिकवताना छायाचित्रे उपयोगी पडतात. मात्र ती झाडाच्या कोणत्या भागाची आहेत, हे महत्त्वाचे. ‘मोझॅक’ रोगात पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पडून ती वेडीवाकडी होतात. त्याची ओळख पानाच्या छायाचित्रातूनही पटते. टांझानियात १९३०च्या दशकात प्रथम नोंदवलेला ‘ब्राऊन स्ट्रीक’ रोग अधिक फसवा आहे. झाड अनेकदा वरून निरोगी दिसते, पण कंद आतून तपकिरी पडून कुजतो. म्हणून पानाशेजारी कापलेल्या कंदाचेही छायाचित्र हवे. कसाव्याची लागवड खोडाच्या तुकड्यांपासून होते. केवळ पाने पाहून बेणे निवडल्यास रोगही पुढच्या हंगामात पेरला जातो.