बाळाच्या मेंदूची नोंद घेताना त्याच्या डोळ्यांचा माग का काढतात?

सहा महिन्यांच्या बाळाला ‘हलू नकोस, समोर बघ’ असं सांगून उपयोग नसतो. त्याच्या मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांची अडचण इथूनच सुरू होते.

ईईजी तपासणीत डोक्याला लावलेले इलेक्ट्रोड मेंदूतले विद्युत संकेत टिपतात. हे संकेत फारच क्षीण असतात. एखादा चेहरा पाहिल्यावर मेंदूने दिलेला प्रतिसाद एका नोंदीत सहसा ओळखू येत नाही. तोच चेहरा अनेकदा दाखवून सरासरी काढावी लागते.

मग अडचण कुठे येते?

चेहरा पडद्यावर आला, पण बाळ पायाची बोटं बघत असेल तर ती नोंद फुकट. अशा नोंदी सरासरीत मिसळल्या, की प्रतिसाद आहे त्याहून कमी दिसतो.

शिवाय डोळा एखाद्या छोट्या बॅटरीसारखा असतो. त्याची पुढची बाजू धन, मागची ऋण. तो फिरला की ईईजीत मेंदूच्या संकेतांना झाकून टाकणारी लाट उमटू शकते.

आय ट्रॅकर काय करतो?

पडद्याजवळचं हे यंत्र डोळ्यांवर न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतं. बाहुली आणि डोळ्यावर चमकणारा प्रकाशाचा ठिपका यांच्या जागेवरून नजर कुठे आहे ते कळतं.

त्यामुळे बाळाने पडद्याकडे पाहिलं, तरच चित्र दाखवता येतं. नजर हटलेल्या नोंदी वगळता येतात. व्हिडिओ पुन्हापुन्हा पाहून हाताने खुणा करण्याचं किचकट कामही कमी होतं.

हे इतकं महत्त्वाचं का?

2012 मध्ये लंडनच्या बर्कबेक विद्यापीठातल्या संशोधकांनी 6 ते 10 महिन्यांच्या बाळांचा ईईजी अभ्यास प्रसिद्ध केला. समोरच्या चेहऱ्याची नजर वळताना मिळालेला मेंदूचा प्रतिसाद, पुढे तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालेल्या मुलांच्या गटात वेगळा होता. हा फरक गटाचा आहे. एकट्या बाळाचं निदान त्यावरून होत नाही. पण असा फरक दिसला, की पहिला प्रश्न हाच येतो: मेंदू वेगळा वागला, की बाळाने पाहिलंच नाही?

आय ट्रॅकर त्याचं उत्तर शोधायला मदत करतो. अर्थात, डोळे पडद्यावर असले म्हणजे लक्षही तिथेच आहे, असं नाही. बाळाने मान वळवली तर यंत्राला डोळे दिसतही नाहीत. तरीही नोंदीतला प्रतिसाद कमी का दिसतो, याचं एक मोठं कारण त्यामुळे तपासता येतं.