मुंबईच्या बागा, पायी पायी

"सिव्हिलवाल्याने बागांवर लेख लिहायचा म्हणजे खाटकाने शेळीपालनावर भाषण द्यायचं!" हा लेख लिहितोय म्हटल्यावर रूम पार्टनरने मारलेला हा टोमणा. गंमत सोडा, पण मंडळी, मुंबईतल्या बागा पायी फिरल्यावर माझं मत असं झालंय की बाग हा बॉटनीइतकाच आपल्या सिलॅबसचा विषय आहे. कसा ते सांगतो.

मी मूळचा केंदूरचा, तालुका शिरूर. कान्हूराज महाराजांचं गाव, शेजारी पाबळ. पाऊस आमच्याकडे उधारीवर येतो. गावात कुणी नुसता चालत निघाला की लोक विचारतात, "काय रं, गाडी बंद पडली का?" फिरायला म्हणून फिरणं ही कल्पनाच आमच्याकडे नाही. इनप्लांट ट्रेनिंगसाठी दोन महिने मुंबईत पडलो, दहा बाय दहाच्या खोलीत चौघेजण. रविवार आला की जीव गुदमरायचा. मॉलमध्ये जायला खिशात पैसे नाहीत. मग एका रविवारी बूट घातले आणि निघालो. राजधानीचं शहर, बागा बहुतेक फुकट!

तोफांसाठी सोडलेली जागा

सुरुवात करा सी.एस.एम.टी. स्टेशनपासून. बाहेर पडून चालत हॉर्निमन सर्कलला जा. समोर टाऊन हॉल, 1833 सालचा, एशियाटिक सोसायटीची ती प्रसिद्ध पायऱ्यांची इमारत. मधली गोल बाग आणि तिच्याभोवतीच्या कमानीदार इमारती 1872 पर्यंत पूर्ण झाल्या. तेव्हा नाव होतं एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर ते 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांच्या नावाने झालं. हा इंग्रज माणूस आपल्या बाजूने लिहायचा, म्हणून 1919 मध्ये, जालियनवाला बागेच्याच वर्षी, इंग्रज सरकारने त्याला हद्दपार केलं.

तिथून फ्लोरा फाउंटनवरून पश्चिमेला चला. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज असा मोकळ्या जागांचा एक पट्टाच लागतो. जिथे एका खोलीसाठी माणसं आयुष्य गहाण टाकतात, तिथे एवढी जागा मोकळी राहिलीच कशी? उत्तर मजेशीर आहे. पूर्वी फोर्ट म्हणजे खरोखरचा किल्ला होता. तटावरच्या तोफांना समोर मोकळं रान हवं, शत्रूला आडोसा मिळता कामा नये, म्हणून तटाबाहेर बांधकामाला बंदी होती. या पट्ट्याला एस्प्लनेड म्हणत. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तट पाडला. तोफा गेल्या, पण मैदानं राहिली. आज तिथे एकाच वेळी पन्नास मॅचेस चालतात आणि कुणाचा बॉल कुणाचा फिल्डर अडवतो ते देवालाच ठाऊक!

ओव्हलच्या मधोमध उभे राहा. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली दगडी गॉथिक शैली. पश्चिमेला 1930 च्या सुमाराच्या गुळगुळीत आर्ट डेको इमारती, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर बांधलेल्या. या दोन्ही मिळून 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. मैदान मध्ये आहे म्हणून दोन्ही बाजू एका नजरेत दिसतात. ते बांधून टाकलं असतं तर वारसा कुठून बघितला असता? हे मैदान आपोआप टिकलेलं नाही. 1990 च्या दशकात त्याची पार दुर्दशा झाली होती. आसपासचे रहिवासी कोर्टात गेले, देखभालीची जबाबदारी अंगावर घेतली, तेव्हा ते सुधारलं.

चौदा हजार टँकर आणि वर बाग

दुसरा रविवार मलबार हिलचा. गिरगाव चौपाटीच्या टोकापासून चढ चढून वर गेलात की हँगिंग गार्डन, कागदोपत्री नाव फिरोजशहा मेहता उद्यान. समोरच कमला नेहरू पार्क आणि तो म्हातारीचा बूट. लहानपणी सहलीला आलेले सगळे बुटात जाऊन फोटो काढतात आणि परत जातात. पायाखाली काय आहे हे कुणी सांगत नाही.

पायाखाली पाणी आहे! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या टेकडीत मोठा जलाशय आहे आणि बाग त्याच्या छतावर आहे. क्षमता सुमारे 14 कोटी 70 लाख लिटर. टेकडीवर का, हे आपल्याला फ्लुइड मेकॅनिक्सने शिकवलंय. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो, त्यामुळे दक्षिण मुंबईत पाणी उताराने खाली जातं. छत हवं कारण पाण्यात घाण पडू नये. आणि छत टाकलंच आहे तर त्यावर बाग करा!

हे वाटतं तेवढं सोपं नाही. जर्नलमध्ये करतो तसं गणित करा. ओल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण 1.8 टन. फक्त एक फूट थर टाकला तरी चौरस मीटरला अर्धा टन वजन झालं. घराच्या खोलीच्या स्लॅबला आपण 200 किलोचा लाइव्ह लोड धरतो, म्हणजे हे अडीच पटींहून जास्त, आणि तेही कायमचं. माझा अंदाज असा की या बागेत कात्री मारून केलेले झुडपांचे हत्ती-जिराफ जास्त दिसतात त्याचं एक कारण हेच असावं. छतावरच्या मातीत झुडपं चालतात, वड चालत नाही.

त्या संध्याकाळी आण्णांना फोन केला. म्हटलं, "आण्णा, आपल्याकडं येतो तसले दहा हजार लिटरचे 14,700 टँकर मावतील एवढं पाणी आहे इथं. रोज दहा टँकर धरले तर चार वर्षं पुरंल."

आण्णा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आन् वर माणसं फिरत्यात?"

"हो."

"आपल्याकडं पोरं टाकीवर चढली तर मार खात्यात."

हसलो दोघं. पण फोन ठेवल्यावर मला उगाच वाईट वाटलं. त्या बागेत फिरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की आपण पाण्यावरून चालतोय? आमच्याकडे वेळ नदीला पाणी आलं की गाव बघायला जातं.

हा जलाशय जुना झाला म्हणून पाडून नवा बांधायचा प्रस्ताव आला होता. त्यात 389 झाडांवर गदा येणार म्हणून 2023 मध्ये नागरिकांनी हरकती घेतल्या. मग तज्ज्ञांकडून आतून तपासणी झाली. आय.आय.टी. मुंबईच्या प्राध्यापकांनी 2024 मध्ये निष्कर्ष दिला की पाडायची गरज नाही, दुरुस्तीने भागेल. इंजिनिअर मंडळींनो, हे लक्षात ठेवा. रोज सकाळी तिथे चालणारे लोक नसते, तर हा प्रश्न विचारलाच गेला नसता.

जवळच 2025 च्या गुढीपाडव्यापासून झाडांमधून जाणारा लाकडी उन्नत मार्गही सुरू झालाय. तिकीट 25 रुपये, वेळ आधी ऑनलाइन बुक करावी लागते.

प्लेग, कचरा आणि आपले शेजारी

तिसरा रविवार भायखळ्याचा. राणीची बाग 1862 ची, आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 चं. घारापुरीला ज्यावरून एलिफंटा नाव पडलं तो दगडी हत्ती इथेच उभा आहे. सगळे पेंग्विनकडे धावतात, तुम्ही झाडांकडे बघा, विशेषतः गोरखचिंच. (बुधवारी बंद असते, फेरी वाया घालवू नका.) आणि एक योगायोग: 'व्हिक्टोरिया गार्डन' पुढे वीरमाता जिजाबाई उद्यान झालं, आणि आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं व्ही.जे.टी.आय.सुद्धा व्हिक्टोरियाकडून जिजाबाईंकडे आलं. आद्याक्षर तेवढं टिकलं!

व्ही.जे.टी.आय.च्या शेजारीच माटुंग्याचे फाइव्ह गार्डन्स. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, कोंदट चाळींत माणसं पटापट मेली. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंगा भागात रुंद रस्ते, हवा-उजेड आणि बागा आखल्या. म्हणजे या बागा शोभेच्या नाहीत, साथीवरचं औषध आहेत. तिथून दादरला शिवाजी पार्क चालत गाठता येतं. 1925 चं माहीम पार्क, 1927 पासून शिवाजी पार्क. कठड्यावर बसून वडापाव खा, थकवा जातो.

शेवटी सायनवरून धारावीच्या कडेचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. 37 एकर. ही जागा पूर्वी कचऱ्याचा डेपो होती! कचऱ्यावर माती टाकून, झाडं लावून 1994 मध्ये ती लोकांना खुली झाली. आता तिथे पक्षी आणि फुलपाखरं आहेत, आणि पलीकडे मिठी नदी.

तात्पर्य वगैरे

तोफा, पाणी, प्लेग, कचरा. एकही जागा 'उरली म्हणून' मोकळी राहिलेली नाही. प्रत्येकीमागे कुणाचा तरी निर्णय आहे, आणि ती टिकली ती तिथे रोज पाय ठेवणाऱ्यांमुळे.

हे आत्ताच सांगायचं कारण, आपल्या हॉस्टेलमागच्या पटांगणावर टू-व्हीलर पार्किंग करायचं चाललंय असं कानावर आलं. "नाहीतरी ती जागा पडूनच आहे" असं कुणीतरी म्हणालंही. खरं आहे, पडून आहे, कारण आपण तिकडे जातच नाही. मेस ते रूम, रूम ते मेस! स्टाफमधल्या सरांना आणि मॅडमना विनंती, सबमिशन संपलं की एका संध्याकाळी तुम्हीही या. मी रोज साडेसहाला तिथे चार फेऱ्या मारतो. अजून तरी एकटाच असतो.