कॅमेऱ्याची ओळख (लेखांक सतरावा) : अर्ध्या तासाला एक सेकंद उणा

भिंगांचा विषय आज पुढे न्यावयाचा होता; परंतु आमच्या वणीतील एका तरुण वाचकाचा प्रश्न माझ्या इतक्या आवडीच्या प्रांतातला आहे की, भिंगांना आठवडाभर तिष्ठत ठेवणे भाग आहे. सप्ताहातील काल्याचे कीर्तन टिपण्याकरिता कॅमेरा ट्रायपॉडवर चढवून, बटन दाबून, तो निर्धास्तपणे पंगतीच्या तयारीला गेला. परत येऊन पाहतो तो पडद्यावरचा लाल ठिपका नाहीसा झालेला, बॅटरी निम्मी शिल्लक, कार्डात जागा मुबलक, आणि चित्रण मात्र 29 मिनिटे 59 सेकंदांवर थांबलेले. यंत्र नादुरुस्त आहे काय, असे तो विचारतो.

यंत्र निर्दोष आहे. त्याला थांबविले ते जकातीच्या एका कलमाने. युरोपीय संघाच्या अनुसूचीत स्थिरचित्रांचा डिजिटल कॅमेरा करमुक्त असे. परंतु जो कॅमेरा किमान 800 गुणिले 600 बिंदूंचे चित्र, सेकंदाला 23 वा अधिक चौकटींच्या वेगाने, सलग तीस मिनिटे टिपू शकेल, त्याची गणना व्हिडिओ कॅमेऱ्यांत होऊन त्यावर कर बसे. तेव्हा एक सेकंद आधीच थांबण्याची तजवीज कारखानदारांनी यंत्रातच करून ठेवली, आणि तीच यंत्रे देशोदेशी विकली गेली.

हे केवळ परमुलखातील फर्मान होते असेही नाही. आपल्या सरकारने मार्च 2012 मध्ये जी सीमाशुल्काची माफी दिली, तिच्यातही हेच बिंदू, हाच वेग आणि हाच अर्धा तास होता. त्याच महिन्यात कॅनन इंडियाने आणलेल्या कॅमेऱ्यांना ही माफी लागू पडते की नाही, यावरून महसूल गुप्तचर संचालनालयाने 2014 साली नोटीस काढली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे अर्धा तास बाजूला राहून, नोटीस काढण्याचा अधिकार कोणाचा, हाच वाद मुख्य झाला : 9 मार्च 2021 रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश, नागपूरचे शरद बोबडे यांच्या खंडपीठाने संचालनालयाला तो अधिकार नाही असे ठरविले, आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने फेरविचारात तो आहे असे ठरविले. सीमाशुल्काच्या वकिलांना मुखोद्गत असलेल्या या खटल्याचे मूळ एका साध्या कॅमेऱ्यात आहे, याचे मला फार कौतुक वाटते.

दुसरी मर्यादा मात्र अस्सल यंत्रविद्येची. 32 जीबीपर्यंतच्या कार्डांवर ‘फॅट 32’ ही दफ्तराची पद्धत असते, आणि तिच्या नोंदवहीत फाइलचा आकार लिहिण्याच्या रकान्यात 32 द्विमान अंकच मावतात. म्हणून 4,29,49,67,295 बाइटांपलीकडे एक फाइल वाढत नाही. सेकंदाला शंभर मेगाबिटांचे चित्रण ही मजल पावणेसहा मिनिटांत गाठते. कॅननचा 2008 सालचा ‘फाइव्ह डी मार्क टू’ याच कारणाने बारा मिनिटांच्या सुमारास थांबे. पुढचे कॅमेरे न थांबता दुसरी फाइल उघडू लागले. कार्डात तुकडे दिसले तर दोष या रकान्याचा. कॅमेरा साफ थांबला तर जकातीचा, आणि त्यावर मोठे कार्ड हा उपाय नव्हे.

नव्या अनेक कॅमेऱ्यांतून ही अर्ध्या तासाची अट गेली आहे. जुना कॅमेरा वापरणाऱ्याने पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास, बुवा चाल धरून टाळकऱ्यांवर सोपवितात तेव्हा, बटन बंद करून लगेच पुन्हा दाबावे. निरूपणातला शब्दही हुकत नाही. चैत्राच्या उन्हात सप्तशृंगी गडावर कॅमेरा तापून थांबतो, ते प्रकरण निराळे. यात्रा जवळ आली असल्याने पुढच्या आठवड्यात आधी तेच घेईन.