बॅग सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची साक्ष

२१ जानेवारी १९९८ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अध्यक्षांच्या मोनिका लेविन्स्कीशी असलेल्या संबंधांच्या प्रकरणाची बातमी छापली आणि व्हाइट हाउसमध्ये एकच खळबळ उडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी हवाईदलाचे अधिकारी रॉबर्ट पॅटरसन एका ठरलेल्या कामासाठी अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यासमोर उभे राहिले. काम तसे दोन मिनिटांचे होते. अध्यक्षांकडचे जुने कार्ड परत घ्यायचे आणि नव्या सांकेतिक आकड्यांचे कार्ड त्यांच्या हाती द्यायचे. अण्वस्त्रे डागण्याचा आदेश देणारी व्यक्ती खरोखर अध्यक्षच आहे, हे लष्करी केंद्राला पटवून देणारे ते कार्ड. पॅटरसन सांगतात की, क्लिंटन ते खिशात, क्रेडिट कार्डांबरोबर रबरबँडने गुंडाळून ठेवत. त्या दिवशी मात्र कार्ड सापडेना. शेवटचे कधी पाहिले होते, तेही अध्यक्षांना आठवेना.

पाच वर्षांनी, २००३ मध्ये, पॅटरसन यांनी हा प्रसंग ‘डेरेलिक्शन ऑफ ड्यूटी’ या पुस्तकात लिहिला. पुस्तकाचा सूर कडक आहे. क्लिंटन यांनी देशाच्या सुरक्षेची हेळसांड केली, असा थेट आरोप त्यात आहे. सर्वोच्च नेत्याच्या शेजारी उभ्या असलेल्या वर्दीतल्या माणसाने केलेला हा आरोप असल्यामुळे तो अमेरिकेत खूप गाजला. जवळून पाहणाऱ्या माणसाची साक्ष मोलाची असते, हे खरेच. पण तिचे मोल कुठवर धरायचे, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो एकट्या पॅटरसन यांच्यापुरता नाही.

आधी पॅटरसन यांचे लष्करी सहायकाचे पद समजून घ्यायला हवे. क्लिंटन यांच्या काळात अमेरिकी अध्यक्षांना पाच लष्करी सहायक असत. भूदल, नौदल, मरीन, हवाईदल आणि तटरक्षक दल यांचा प्रत्येकी एक अधिकारी पाळीपाळीने ड्यूटी करी. ड्यूटीवरच्या सहायकाच्या हाती कायम काळी चामडी बॅग असते. तिला सगळे ‘फुटबॉल’ म्हणतात. वजन सुमारे २० किलो. अध्यक्ष लिफ्टमध्ये असोत, हेलिकॉप्टरमध्ये असोत की परदेशातल्या हॉटेलात, बॅग हाताच्या अंतरावर हवी. व्हाइट हाउसच्या लष्करी विभागाचे प्रमुख राहिलेले बिल गली यांनी १९८० मध्ये आपल्या पुस्तकात या बॅगेत काय असते ते सांगून टाकले. प्रतिहल्ल्याचे पर्याय काळ्या-लाल शाईत छापलेली ७५ सुट्या पानांची वही, सुरक्षित ठिकाणांची यादी असलेले पुस्तक, आणीबाणीत जनतेशी बोलण्याची पद्धत सांगणारी काही पाने आणि ओळख पटवणारे छोटे कार्ड. हे कार्ड पुढे अध्यक्षांच्या अंगावर राहू लागले.

एवढी काटेकोर व्यवस्था, तरी ती माणसांच्या हातात असल्याने चुकते. मार्च १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा बॅग सांभाळणारा अधिकारी गाड्यांच्या ताफ्यातून मागे राहिला. रुग्णालयात अध्यक्षांचे कपडे कापून काढले गेले आणि त्यांच्या वस्तूंबरोबर ते कार्डही एफबीआयच्या ताब्यात गेले. एप्रिल १९९९ मध्ये वॉशिंग्टनमधल्या नाटो परिषदेतून क्लिंटन घाईने निघाले, आणि बॅग घेतलेला अधिकारी तिथेच राहिला. बिचारा चालत व्हाइट हाउसला पोहोचला.

पॅटरसन १९९६ ते १९९८ या काळात या पदावर होते. ते हवाईदलाचे वैमानिक. ज्या लष्करातून ते आले, त्या लष्कराचे आणि क्लिंटन यांचे संबंध पहिल्यापासूनच अवघडलेले होते. व्हिएतनामच्या काळात सक्तीची भरती टाळण्यासाठी तरुण क्लिंटन यांनी केलेली खटपट आणि १९६९ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याला लिहिलेले पत्र १९९२ च्या प्रचारात बाहेर आले होते. सत्तेवर येताच समलिंगी सैनिकांच्या प्रश्नावरून सेनानींशी वाजले. १९९३ च्या ऑक्टोबरात सोमालियातल्या मोगादिशूमध्ये १८ अमेरिकी सैनिक मारले गेले. त्याच वर्षी हॅरॉल्ड कॅम्पबेल या हवाईदलाच्या मेजर जनरलने नेदरलँड्समधल्या एका भाषणात नव्या अध्यक्षांची नशा, बायका आणि भरतीचुकवेगिरी यांवरून जाहीर टवाळी केली. त्यांना दंड झाला, ताशेरे ओढले गेले आणि निवृत्ती घ्यावी लागली. पॅटरसन यांच्या पुस्तकातला राग कोणत्या मातीत उगवला, हे एवढ्यावरून कळते.

पुस्तकातला दुसरा गाजलेला प्रसंग गोल्फच्या मैदानावरचा आहे. सप्टेंबर १९९६. सद्दाम हुसेन यांच्या फौजांनी उत्तर इराकमधले अर्बिल घेतले होते आणि अमेरिकेने क्षेपणास्त्रे डागून उत्तरही दिले होते. १३ सप्टेंबरला व्हर्जिनियात ‘प्रेसिडेंट्स कप’ ही स्पर्धा सुरू झाली. क्लिंटन तिथे पाहुणे होते. पॅटरसन लिहितात की, राष्ट्रीय सुरक्षा उपसल्लागार सँडी बर्गर यांचा फोन पुन्हा पुन्हा येत होता. इराकवर झेपावण्यासाठी विमाने सज्ज होती, अध्यक्षांचा होकार तेवढा हवा होता. क्लिंटन यांनी फोन घेतला नाही, अंधाराची वेळ निघून गेली आणि मोहीम रद्द झाली.

वाचताना संताप येतो. पण इथेच थोडे थांबायला हवे. शेजारी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने काय पाहिले? फोन आला आणि अध्यक्ष खेळ पाहत राहिले, एवढे नक्की पाहिले. अध्यक्षांनी होकार का दिला नाही, आदल्या रात्री काय चर्चा झाली होती, बर्गर यांना आधीच काही सांगितले होते का, हे त्या मैदानावर उभे राहून कळण्यासारखे नव्हते. लष्करी सहायक बैठकीच्या दाराबाहेर असतो. त्याच्या कानी संभाषणाची एक बाजू पडते. नेत्याचे वागणे त्याच्याइतके जवळून फारसे कुणाला दिसत नाही, मात्र निर्णयामागचा विचार त्याच्यापासून लांबच राहतो.

ओसामा बिन लादेनबाबत तर ही मर्यादा फारच उघड होते. क्लिंटन यांच्या टाळाटाळीमुळे तो निसटला, असे पॅटरसन यांचे म्हणणे. २००४ च्या जुलैत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. कागदपत्रे आणि शेकडो मुलाखतींवर उभा असलेला. त्यातले चित्र वेगळे आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या दोन अमेरिकी वकिलातींवर बॉम्बहल्ले झाले. त्यानंतर २० ऑगस्टला क्लिंटन यांनी अफगाणिस्तानातल्या खोस्त भागातल्या बिन लादेनच्या तळांवर आणि सुदानमधल्या अल-शिफा कारखान्यावर क्षेपणास्त्रे डागायला लावली. लेविन्स्की प्रकरणी ग्रँड ज्यूरीसमोर जबाब देऊन त्यांना तीनच दिवस झाले होते. पुढे डिसेंबर १९९८ मध्ये बिन लादेन कंदाहारमध्ये असल्याची खबर आली, पण ती पुरेशी पक्की नाही आणि निरपराध माणसे मरतील, असे सल्लागारांनीच सांगितले. फेब्रुवारी १९९९ मध्ये तो वाळवंटातल्या शिकारीच्या तळावर असल्याचे कळले, तेव्हा संयुक्त अरब अमिरातीतल्या बड्या माणसांना इजा होईल ही भीती आडवी आली. या निर्णयांवर टीका व्हावीच. पण ती कच्ची खबर, भीती आणि सल्लागारांचे कचरणे यांच्यावर व्हायला हवी. एकट्या अध्यक्षाच्या निष्काळजीपणाची ही गोष्ट नाही.

कार्डाच्या बाबतीत मात्र पॅटरसन यांच्या बाजूला एक भक्कम साक्षीदार उभा राहिला. जनरल ह्यू शेल्टन हे ऑक्टोबर १९९७ ते सप्टेंबर २००१ पर्यंत अमेरिकेच्या सेनादलांच्या संयुक्त प्रमुखांचे अध्यक्ष होते. २०१० मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिले की, क्लिंटन यांच्या काळात कार्ड कित्येक महिने गहाळ होते. पेंटागॉनचा माणूस दर महिन्याला कार्ड प्रत्यक्ष पाहायला येई. त्याला सांगितले जाई की, कार्ड अध्यक्षांकडेच आहे, पण ते महत्त्वाच्या बैठकीत आहेत. कार्ड बदलायची वेळ आली तेव्हा कुठे खरे बाहेर पडले.

दोन्ही साक्षी शेजारी ठेवल्या की लक्ष वेगळीकडे जाते. शेल्टन ही घटना २००० सालच्या सुमाराची सांगतात, पॅटरसन १९९८ ची. कार्ड दोनदा हरवले की एकाच घटनेच्या तारखेत गफलत झाली, यावर तेव्हापासून चर्चा चालू आहे. त्याहून मोठा फरक दोष कुणाचा यात आहे. पॅटरसन यांच्या कथनात कार्ड अध्यक्षांनी हरवले. शेल्टन यांच्या मते, कार्ड सहायकाकडे आहे असे क्लिंटन धरून चालले होते. एका कार्डाभोवती दोन निष्ठावान लष्करी अधिकारी, आणि दोघांचे बोट वेगळ्या दिशेला. तरीही दोघांच्या साक्षीतून एक गोष्ट निर्विवाद उरते. जगातली सर्वांत भयंकर सत्ता ज्या तपासणीवर अवलंबून होती, ती तपासणी ‘साहेब बैठकीत आहेत’ एवढ्या वाक्याने परतवून लावता येत होती. ही चूक व्यवस्थेची होती आणि ती बाहेर आणल्याबद्दल पॅटरसन आणि शेल्टन या दोघांचेही ऋण मानले पाहिजे.

मग ते पदावर असताना का बोलले नाहीत? कायदा आडवा येतो. अमेरिकी लष्करी न्यायसंहितेच्या कलम ८८ नुसार, अधिकाऱ्याने अध्यक्षांबद्दल तुच्छतेचे शब्द वापरणे हा गुन्हा आहे. हे बंधन योग्यच आहे. बंदुका हाती असलेल्या संस्थेने निवडून आलेल्या नेत्यावर जाहीर तोंडसुख घेणे लोकशाहीला परवडत नाही.

पण बंद दाराआडही गप्प राहण्याची किंमत मोठी असते. त्याच मुख्य शीर्षकाचे एक पुस्तक पॅटरसन यांच्या आधी, १९९७ मध्ये, एच. आर. मॅकमास्टर या लष्करी अधिकाऱ्याने लिहिले होते. विषय होता अध्यक्ष लिंडन जॉन्सन आणि व्हिएतनाम. १९६४ ची निवडणूक आणि देशांतर्गत योजना यांना धक्का लागू नये म्हणून जॉन्सन यांनी युद्धाचे खरे रूप लपवले, हे मॅकमास्टर यांनी खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून मांडले. त्यांचा रोख सेनादलांच्या प्रमुखांवरही होता. थोडेथोडे सैन्य वाढवत नेण्याचा मार्ग फसणार, हे त्यांना दिसत असूनही अध्यक्षांना त्यांनी ठणकावून सांगितले नाही. मॅकमास्टर स्वतः त्या खोलीत नव्हते, तरी त्यांचे पुस्तक टिकले, कारण प्रत्येक विधानामागे कागद होता.

भारतीय वाचकाला याहून जवळचे उदाहरण पाकिस्तानचे आहे. १९६५ च्या युद्धात लढलेले वैमानिक अर्शद सामी खान हे अयूब खान, याह्या खान आणि झुल्फिकार अली भुट्टो या तिन्ही अध्यक्षांचे एडीसी, म्हणजे लष्करी सहायक, होते. गायक अदनान सामी यांचे ते वडील. त्यांच्या आठवणींचे पुस्तक २००८ मध्ये दिल्लीत प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. ३ डिसेंबर १९७१ ची दुपार त्यांनी टिपली आहे. भारताशी युद्ध सुरू व्हायच्या बेतात आहे आणि याह्या जनरल हमीद यांच्यासोबत निवासस्थानातून निघाले आहेत. फाटकापाशी एक भलेमोठे गिधाड रस्त्यात बसलेले. हॉर्न वाजवला तरी ते हलेना. याह्यांनी खाली उतरून हातातल्या छडीने त्याला हुसकायचा प्रयत्न केला, तरी नाही. अखेर बागेतल्या माळ्याने ते हाकलले. तेरा दिवसांनी ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. अशी दृश्ये एडीसीच सांगू शकतो. ढाका का हातचे गेले, हे शोधायला मात्र या पराभवाची चौकशी करणाऱ्या हमुदुर रहमान आयोगाकडे वळावे लागते.

अलीकडच्या अमेरिकेत वर्दीतली माणसे वेगवेगळ्या वाटांनी बोलली. लेफ्टनंट कर्नल अलेक्झांडर विंडमन राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत काम करत होते. जुलै २०१९ मधला डोनाल्ड ट्रम्प आणि युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांचा फोन त्यांनी स्वतः ऐकला. तो त्यांना खटकला, त्यांनी आधी परिषदेच्या वकिलाकडे तक्रार केली आणि नोव्हेंबरात संसदेच्या समितीपुढे शपथेवर साक्ष दिली. पुढच्या वर्षी त्यांना लष्कर सोडावे लागले. संयुक्त प्रमुखांचे तेव्हाचे अध्यक्ष जनरल मार्क मिली यांनी जून २०२० मध्ये, आंदोलकांना हटवल्यावर, ट्रम्प यांच्यासोबत लढाईच्या गणवेशात व्हाइट हाउसबाहेर चालत जाण्याची चूक केली आणि दहा दिवसांत जाहीर माफी मागितली. निवृत्त मरीन जनरल जॉन केली २०१७-१८ मध्ये ट्रम्प यांचे चीफ ऑफ स्टाफ होते. ट्रम्प फॅसिस्टच्या व्याख्येत बसतात, हे त्यांनी उघडपणे सांगितले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, मतदानाला दोन आठवडे उरले असताना. ट्रम्प यांनी आरोप फेटाळले आणि निवडणूक जिंकली.

या तिघांत विंडमन यांची साक्ष सर्वांत वजनदार ठरते. त्यांनी स्वतः ऐकले तेवढेच सांगितले, वेळेवर सांगितले आणि उलटतपासणीला तोंड दिले. केली यांनी पाहिलेले खरे असले, तरी मतदानाच्या तोंडावर सांगितल्यामुळे त्याला प्रचाराचा वास लागला. पॅटरसन यांचेही तसेच झाले. क्लिंटन यांच्यानंतर त्यांनी उदारमतवाद्यांवर आणि पुढे ओबामांवर पुस्तके लिहिली. २०२० मध्ये ते कॅलिफोर्नियातून रिपब्लिकन उमेदवार म्हणून उभे राहिले आणि गुजराती वंशाचे डेमोक्रॅट अमी बेरा यांच्याकडून हरले. राजकारणात उतरणे हा त्यांचा हक्क होता, पण त्यामुळे साक्षीदार आणि पक्ष कार्यकर्ता यांच्यातली रेषा पुसट झाली. त्यांचे पुस्तक हाती आले तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले प्रसंग लक्षपूर्वक वाचावेत. बिन लादेनविषयीचा भाग मात्र २००४ चा आयोगाचा अहवाल शेजारी ठेवल्याशिवाय वाचू नये.