विश्लेषण : सायकलचे डिस्क ब्रेक पॅड स्वस्तात बदलायचेत? आधी डिस्कवर काय लिहिलंय ते वाचा

डिस्क ब्रेक असलेली माउंटन बाइक आता पंधरा-वीस हजारांच्या आतही मिळते. घेताना ब्रेक पाहून आपण खूश होतो, पण त्यातले पॅड झिजणारे असतात हे फारसं कुणी सांगत नाही. मग एक दिवस घाटउतारावर ब्रेक किंचाळायला लागतो. ऑनलाइन शोधलं की शे-दोनशे रुपयांपासून हजारापुढच्या जोड्यांपर्यंत ढिगाने पर्याय दिसतात आणि त्यातल्या निम्म्यांवर ‘सर्व एमटीबीसाठी’ असं लिहिलेलं असतं. यातलं काय घ्यायचं आणि स्वस्तात किती उतरायचं, ते पाहू.

पॅड संपत आलेत हे कसं ओळखायचं?

पॅड म्हणजे धातूची पातळ पाटी आणि तिच्यावर चिकटवलेला घर्षणाचा थर. हा थर चाकाच्या डिस्कला घासतो. शिमानोच्या सूचनेनुसार थर ०.५ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे. स्रॅमचा हिशोब वेगळा आहे : पाटी आणि थर मिळून जाडी ३ मिलिमीटरच्या खाली गेली की बदला. घरी मोजायला साधन नसेल तर एटीएम कार्ड चालतं. कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. थर कार्डाइतका पातळ दिसला की नवी जोडी मागवून ठेवायची वेळ झाली.

इथे केबलच्या आणि हायड्रॉलिक ब्रेकमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. केबलच्या ब्रेकमध्ये पॅड झिजले की लिव्हर जास्त आत जातो, म्हणजे ब्रेक स्वतःच इशारा देतो. हायड्रॉलिकमध्ये पिस्टन आपोआप पुढे सरकत राहतात, त्यामुळे लिव्हर जवळपास पूर्वीसारखाच लागतो. अनेकांना पॅड संपल्याचं कळतं ते थेट लोखंडावर लोखंड घासल्याच्या आवाजाने, आणि तोवर डिस्कवर चरे पडलेले असतात. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर महिन्यातून एकदा चाक काढून पॅड डोळ्यांनी बघायलाच हवेत.

आधी आकार, मग किंमत

डिस्क पॅडचा एकच एक आकार नसतो. कॅलिपर म्हणजे पॅड धरणारा भाग. त्याच्या मॉडेलनुसार पॅडचा आकार बदलतो. एका कंपनीचं नाव पुरेसं नाही. स्रॅमच्या अॅविड मालिकेतले बीबी५ आणि बीबी७ हे दोन्ही केबलचे ब्रेक आहेत, नावंही भावंडांसारखी, पण एकाचे पॅड दुसऱ्यात बसत नाहीत.

बजेट सायकल चालवणाऱ्यांसाठी चांगली बातमी शिमानोच्या बाजूला आहे. एमटी२०० हा परवडणाऱ्या सायकलींवर सर्रास दिसणारा हायड्रॉलिक ब्रेक. त्याचे पॅड बी०१एस घराण्यातले. नंतर आलेले बी०३एस आणि बी०५एस हेही त्याच घराण्यातले. शिमानोच्या इतर अनेक साध्या ब्रेकमध्ये आणि टेक्ट्रोच्या बऱ्याच कॅलिपरमध्येही (सगळ्या नाही) हाच आकार बसतो. आकार इतका पसरलेला असल्यामुळे दुसऱ्या कंपन्यांचे स्वस्त पॅडही त्यात भरपूर मिळतात.

तुमच्या सायकलवर कोणता आकार आहे हे कळत नसेल तर कॅलिपरवरचं मॉडेल वाचा. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त सायकलींच्या कॅलिपरवर काहीच छापलेलं नसतं. तेव्हा जुना पॅड बाहेर काढा, पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा आणि तोच दुकानदाराला दाखवा. वरचा कान कुठे आहे आणि पिनेचं भोक कुठे आहे, या दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. ‘थोडं घासलं की बसेल’ असं कुणी म्हणालं तर तो पॅड घेऊ नका. सैल बसलेला पॅड ब्रेक दाबताना कॅलिपरमध्ये हलतो आणि जोराच्या ब्रेकला जागा सोडू शकतो.

रेझिन की मेटल?

पैसे वाचतात किंवा वाया जातात ते बहुतेक इथेच. रेझिन पॅडला ऑर्गॅनिकही म्हणतात. हे तंतू आणि राळेसारख्या पदार्थांपासून बनतात. ते मऊ असतात, आवाज कमी करतात आणि थंड असतानाच पकड घेतात. मात्र चिखलात ते झपाट्याने संपतात. मेटल किंवा सिंटर्ड पॅड धातूची भुकटी उष्णतेत दाबून बनवतात. ते ओल्यात आणि लांब उतारावर जास्त टिकतात, पण आवाज करतात, पहिल्या एक-दोन ब्रेकला थोडे ढिम्म वाटतात आणि किंमतही जास्त असते. मधला सेमी-मेटलिक प्रकार दोन्हींचे थोडे थोडे गुण घेतो.

यावरून ‘जास्त टिकतो ना, मग मेटलच घेऊ’ असं वाटणं साहजिक आहे. थांबा आणि डिस्ककडे बघा. शिमानोच्या स्वस्त डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असतं. त्या डिस्कचं पोलाद तुलनेने मऊ असतं आणि मेटल पॅड ते खरवडून काढतो. नवी डिस्क साधारण १.८ मिलिमीटर जाडीची असते, १.५ वर आली की शिमानोच्या हिशोबाने ती बाद. पॅड जास्त टिकले, पण डिस्क गेली, तर वाचवलेल्या पैशांपेक्षा खर्च मोठा. मेटल पॅडच हवे असतील तर त्याला चालणारी डिस्कही सोबत घ्यावी लागते, आणि मग हा व्यवहार ‘स्वस्त’ या सदरात राहत नाही.

उतारावर ब्रेक किती तापतो?

थोडं गणित करू, अकरावीच्या भौतिकशास्त्राइतकंच. ७० किलोचा स्वार आणि १५ किलोची सायकल १०० मीटर उंचीवरून एकाच वेगाने खाली आली तर सुमारे ८३ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. काही हवा खाते, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होते. सगळी ब्रेकमध्येच गेली असं धरलं तर तेवढ्यात दोन कप चहाचं पाणी उकळतं! सिंहगडावरून किंवा बोपदेव घाटातून उतरताना हे पुन्हा पुन्हा घडत असतं. रेझिन पॅड फार तापला की त्याची पकड कमी होते आणि त्याच्या पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी येते. म्हणून ब्रेक सतत हलका दाबून धरण्यापेक्षा वळणाआधी जोरात दाबून मग सोडावा. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. सवय बदलायला पैसे पडत नाहीत आणि पॅडही जास्त दिवस जातात.

मग आपल्यासाठी कोणते?

शहरात, कॉलेजला किंवा कोरड्या रस्त्यावर सायकल चालवत असाल तर योग्य आकाराचे साधे रेझिन पॅड पुरेसे आहेत. उष्णता घालवायला पाठीला पंखे जोडलेले पॅड दिसायला छान, पण या वापराला त्यांची गरज नाही. दर शनिवार-रविवारी घाट किंवा येऊरसारख्या जंगलवाटा करत असाल तर नावाजलेल्या कंपनीचे रेझिन किंवा सेमी-मेटलिक घ्या (सेमी-मेटलिक आपल्या डिस्कला चालतात का, तेवढं आधी पाहा). पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी पिशवीत एक जादा जोडी ठेवावीच. चिखलातले बारीक खडे पॉलिश पेपरसारखं काम करतात आणि रेझिनची जोडी एका लांबलचक चिखलवाटेतही संपू शकते.

दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलायचे नसतात. एका चाकाचे दोन्ही पॅड मात्र एकत्रच बदलायचे. बजेटमध्ये एकच चांगली जोडी बसत असेल तर ती पुढच्या चाकाला लावा. ब्रेक लागताना वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. मागे स्वस्तातली जोडी लावली तर चालेल.

बिनब्रँड पॅड धोकादायकच असतात असं नाही. पण पाकिटावर कंपाउंडचा प्रकार आणि कॅलिपरची यादी छापलेली नसेल तर शंभर रुपये वाचवण्यासाठी ते पुढच्या चाकाला लावू नयेत. आणि ‘सर्व एमटीबीसाठी’ हे वाक्य दिसलं की पुढचं पान उघडा.

लावल्यावर लगेच घाट नको

नवे पॅड बसवण्याआधी पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने हळू मागे ढकला. चाक बाहेर असताना हायड्रॉलिकचा ब्रेक दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पॅडच्या थराला बोट लावू नका. साखळीचं तेल किंवा फवाऱ्याचं वंगण डिस्कवर उडालं तर पॅड ते शोषतात. असे पॅड गॅसवर भाजून ‘शुद्ध’ करण्याचे व्हिडिओ बरेच आहेत. ब्रेकच्या बाबतीत असल्या जुगाडावर विसंबू नये, जोडी टाकून द्यावी. जुन्या पॅडची धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

त्यानंतर पॅड बसवून घ्यायचे, म्हणजे थराचा पातळ लेप डिस्कवर चढवायचा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर मध्यम वेग घ्या, चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, चाक लॉक होऊ देऊ नका. असं सुमारे वीस वेळा. मग थोड्या जास्त वेगातून, जास्त जोराने आणखी दहा वेळा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. ‘नवे पॅड घातले तरी ब्रेक लागत नाही’ म्हणून पॅड परत करायला निघाला असाल, तर त्याआधी हे करून झालंय का, ते पाहा.