टिचकी मारून घ्या नवा लॅपटॉप

उन्हाळा लागला की मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बाजारात कुंभारांची मडकी मांडली जातात. गिऱ्हाईक मडकं एका हातावर तोलतं, दुसऱ्या हाताने त्याला टिचकी मारतं आणि कान देऊन ऐकतं. खणखणीत वाजलं तर घरी, बद्द वाजलं तर परत. डोळ्यांना न दिसणारी चीर कानांना कळते. मडक्याच्या भिंतीतून धावणारं कंपन चिरेपाशी अडतं, चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासतात आणि आवाजाची ऊर्जा तिथेच जिरून जाते. एका मडक्यासाठी इतकी पारख करणारे आपण चाळीस-पन्नास हजारांचा लॅपटॉप मात्र खोक्याचं सील बघून घरी आणतो. नवा आहे म्हणजे चांगलाच असणार, हा आपला भरवसा.

माझ्या भाचीच्या बाबतीत हा भरवसा चौथ्या दिवशी मोडला. कॉलेजसाठी घेतलेल्या लॅपटॉपची स्क्रीन मधूनच लपलपायची आणि आपोआप शांत व्हायची. दुकानात नेला, तर तिथे अर्धा तास काहीच नाही. "सॉफ्टवेअर का प्रॉब्लम होगा, फॉर्मेट करवा लो," असं सांगितलं गेलं. फॉर्मेट झालं, घरी आल्यावर पुन्हा तेच. "मामा, हे माझ्याच नशिबी का आलं?" तिने विचारलं. तिच्या या प्रश्नाचं उत्तर नशिबात शोधायचं कारण नाही. ते धातूंच्या प्रसरणात, उष्णतेत आणि कारखान्याच्या गणितात सापडतं.

नव्याचे नऊ दिवस

आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस कौतुकाचे मानतात. अभियंते मात्र याच दिवसांना सर्वांत जास्त भितात. एखाद्या यंत्राच्या हजारो नगांचं वय आडव्या अक्षावर आणि बिघडण्याचा दर उभ्या अक्षावर मांडला, तर रेघ सुरुवातीला उंच असते, मग झरझर खाली येते, काही वर्षं जवळजवळ सपाट चालते आणि शेवटी झीज सुरू झाली की पुन्हा चढते. हा आकार न्हाणीघरातल्या टबासारखा दिसतो, म्हणून त्याला 'बाथटब वक्र' म्हणतात. सुरुवातीच्या उंच भागासाठी अभियंत्यांचा शब्द आहे 'बालमृत्यू'.

कारण असं, की एकाच खेपेतल्या हजारो लॅपटॉपपैकी काहींत एखादा कच्चा सांधा, एखादी अर्धवट बसलेली पट्टी, धातूचा एखादा कण राहून गेलेला असतो. कारखान्यातल्या तपासणीत ते चालतात, कारण दोष अजून उमललेला नसतो. थोडं तापणं, थोडं हलणं झालं की हे कच्चे नग एकामागून एक गळतात. जे पहिले काही महिने टिकतात ते बहुधा वर्षानुवर्षं टिकतात.

म्हणून जिथे बिघाड परवडत नाही, तिथे हे 'बालपण' कारखान्यातच उरकून घेतात. लष्करी वापराच्या चिप्स १२५ अंश सेल्सिअसला १६० तास चालवून बघण्याची रूढ पद्धत आहे. त्याला 'बर्न-इन' म्हणतात. ती चिपला मारलेली टिचकीच होय. बाजारातल्या लॅपटॉपची एवढी कसून परीक्षा झाली तर त्याची किंमत कुठल्या कुठे जाईल. त्यामुळे परीक्षेचा उरलेला भाग आपल्या घरी पार पडतो, आपल्याला माहीत असो वा नसो.

मलाजखंडचं तांबं, वाळूतलं सिलिकॉन

बालाघाट जिल्ह्याच्या पूर्वेला मलाजखंड आहे. हिंदुस्तान कॉपरचा हा तांब्याचा प्रकल्प १९८२ मध्ये सुरू झाला. या खाणीची भव्य खोदाई ज्याने पाहिली, त्याला तांब्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. लॅपटॉपच्या हिरव्या-काळ्या बोर्डावरच्या बारीक रेघा तांब्याच्या असतात, प्रोसेसरची उष्णता पंख्यापर्यंत वाहून नेणारी नळीही तांब्याचीच असते. मात्र जी चिप गणित करते ती सिलिकॉनची असते, आणि या दोघांचा तापण्याचा स्वभाव जुळत नाही.

तापमान एका अंशाने वाढलं की एक मीटर लांबीची तांब्याची पट्टी सुमारे १७ मायक्रोमीटर वाढते. तेवढ्याच लांबीचं सिलिकॉन वाढतं फक्त अडीच-पावणेतीन मायक्रोमीटर. बोर्डाचा काचतंतूंचा थर साधारण तांब्याच्या चालीने प्रसरण पावतो. म्हणजे लॅपटॉप सुरू केला की बोर्ड पसरतो, चिप फारशी पसरत नाही, आणि दोघांना धरून ठेवणारे झाळकामाचे बारीक गोळे मधल्या मधे पिळले जातात. बंद केला की उलटा पीळ बसतो. लोखंडी तार वाकवत राहिलं की ती शेवटी तुटते, तसाच हा प्रकार आहे. झाळकाम चांगलं असेल तर ते हजारो पीळ सोसतं. एखादा गोळा नीट वितळलाच नसेल, दुरुस्तीवाले ज्याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात तसा राहिला असेल, तर पहिल्या काही आठवड्यांतच त्याला तडा जातो. गरम झाल्यावर लॅपटॉप हँग होतो आणि थंड झाला की पुन्हा चालतो, त्यामागे अनेकदा असा एखादा सांधा असतो.

यात आणखी एक वळण आलं. शिशाचं विष टाळण्यासाठी युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंधन आणलं आणि जगभरचे कारखाने कथील-चांदी-तांब्याच्या मिश्रधातूकडे वळले. शिशाचं जुनं झाळकाम १८३ अंशांना वितळायचं, नव्याला सुमारे २१७ अंश लागतात. निर्णय योग्यच होता, पण जोडणीच्या वेळी सुट्या भागांवर पडणारा ताण वाढला आणि नवी कारागिरी शिकावी लागली. अशा लपलेल्या दोषांचे धडे मोठ्या कंपन्यांनाही मिळाले. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने जाहीर केलं, की लॅपटॉपसाठीच्या तिच्या काही ग्राफिक्स चिप्समध्ये चिप आणि तिचं आवरण जोडणारं साहित्य कमजोर निघालं असून त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरचा खर्च धरावा लागेल. त्याआधी ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. सोनीने बनवलेल्या त्या सेलमध्ये धातूचे सूक्ष्म कण राहिले होते आणि त्यांच्यामुळे आत शॉर्टसर्किट होऊन आगीचा धोका होता.

मे महिन्यातली परीक्षा

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत एक ओळ बारीक अक्षरांत छापलेली असते: वापरताना भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं. मे महिन्यात बालाघाट, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. उष्णता बाहेर पडण्याचं प्रमाण आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. प्रोसेसर ९५ अंशांवर आहे आणि खोली २५ अंशांवर, तर फरक ७० चा. खोली ४२ अंशांवर गेली की तो ५३ वर येतो. म्हणजे तोच पंखा सुमारे पाव हिस्सा कमी उष्णता बाहेर टाकतो. मग प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो आणि "नवा लॅपटॉप स्लो झाला" अशी तक्रार होते. हा दोष नाही, संरक्षण आहे. पण पंखा घोंघावतोय, तरी थंड खोलीतसुद्धा साध्या कामाला लॅपटॉप भाजत असेल, तर उष्णतावाहक पेस्ट नीट लागलेली नाही किंवा तांब्याची नळी घट्ट बसलेली नाही, अशी शंका रास्त आहे.

दोष आणि दोष नसलेलं यांतला फरक कळला की भांडण निम्मं जिंकलं. ५१२ जीबीची डिस्क संगणकावर ४७६ जीबी दिसते. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या. धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला असताना हाताला मुंग्या येतात, त्याचं कारण बहुधा घराच्या वायरिंगमध्ये असतं. अडॅप्टरमधल्या गाळणी-कपॅसिटरमधून अगदी थोडा विद्युतप्रवाह अंगावर येतो. अर्थिंग नसेल, तर त्याला जमिनीकडे वाट मिळत नाही. आधी तीन पिनांचा, अर्थिंग असलेला सॉकेट वापरून बघावा.

पडद्याचं प्रकरण जरा नाजूक. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल. इतक्यांतला एखादा मेलेला निघू शकतो. आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या श्रेणीत दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले आणि दोन कायम विझलेले चालतात. कंपन्या याबाबत आपापले नियमही ठेवतात, म्हणून ते विकत घेण्याआधीच विचारावेत. याउलट टचपॅड वर उचललं जाणं किंवा तळाला फुगवटा येणं याला कोणतीही सबब चालत नाही. बॅटरीत वायू धरला आहे, हे त्याचं लक्षण. लॅपटॉप लगेच बंद करावा, चार्ज करू नये, फुगवटा दाबू नये आणि टोचू तर मुळीच नये.

गणिताच्या प्राध्यापकाचा धडा

दोष सिद्ध कसा करायचा, याचा सर्वांत सुंदर धडा १९९४ साली मिळाला. अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळसंख्यांवर काम करत होते. जूनमध्ये त्यांच्या आकडेमोडीत चूक दिसली. त्यांनी आधी स्वतःच्या प्रोग्रॅमवर संशय घेतला, मग इतर सुट्या भागांवर. एकेक शक्यता बाजूला सारत ऑक्टोबरमध्ये ते इंटेलच्या नव्याकोऱ्या पेंटियम प्रोसेसरपाशी पोचले आणि तोच हिशोब दुसऱ्या यंत्रांवर ताडून पाहिला. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या कोष्टकातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. सामान्य माणसाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, असं इंटेलचं म्हणणं होतं. ग्राहकांनी ते मान्य केलं नाही. २० डिसेंबर १९९४ रोजी कंपनीने मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचं जाहीर केलं आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा बोजा उचलला.

नाइसलींची रीत आपल्याला घरात वापरता येते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. भाचीच्या लॅपटॉपला आम्ही केबलने टीव्ही जोडला. लॅपटॉपची स्क्रीन लपलपली तेव्हा टीव्हीवरचं चित्र स्थिर होतं. म्हणजे ग्राफिक्स चिप ठीक. मग झाकण हळूहळू उघडत नेलं. एका ठराविक कोनात दर वेळी लपलप सुरू व्हायची. बिजागरीतून पडद्याकडे जाणारी चपटी केबल दोषी होती. फॉर्मेट मारून ती कशी सुधारणार? त्या कोनाचा व्हिडिओ काढला, तारीख-वेळ लिहिली आणि सर्व्हिस सेंटरला दिली. केबल बदलली गेली, दोष गेला.

पहिल्या पंधरवड्याची परीक्षा

खोका उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढावा. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या तळाचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे ना, ते बघावं. लॅपटॉपला भारतात सक्तीची बीआयएस नोंदणी लागते. लेबलवरचा 'आर'ने सुरू होणारा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. डिस्क आधी किती तास चालली आहे, हे ती स्वतः नोंदवून ठेवते. नव्या डिस्कवर शेकडो तास दिसले, तर तो माल नवा नाही. विंडोजच्या बॅटरी अहवालात मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. ८ जीबी रॅममध्ये सुमारे ६,९०० कोटी बिट असतात. मेमरीची चाचणी रात्रभर चालवावी. एकदा आलेली चूक योगायोगाची असू शकते, त्याच जागी पुन्हा आली तर रॅम सदोष. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग पडद्यावर भरून बघावेत. प्रत्येक कळ दाबावी, प्रत्येक पोर्टला काहीतरी लावून बघावं, आणि शेवटी दोन-तीन तास जड काम देऊन लॅपटॉप तापवावा. नवा म्हणून त्याला जपत कपाटात ठेवणं, हे सर्वांत चुकीचं. वॉरंटीचे दिवस त्याला राबवण्यासाठीच असतात.

दोष निघाला, तर कायदा आपल्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये गुणवत्तेतली कोणतीही उणीव 'दोष' मानली आहे. ऑनलाइन घेतलेली सदोष वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ क्रमांकाला फोन करावा. तेवढ्याने भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं. कंपनीचं कार्यालय बेंगळुरूला असो की गुरुग्रामला, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. गरज पडल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवतो. तिथे कामी येतं ते पक्कं बिल, व्हिडिओ आणि प्रत्येक फेरीची जॉब शीट. तोंडी आश्वासन कितीही गोड असलं, तरी जॉब शीट घेतल्याशिवाय लॅपटॉप कोणाच्या हाती सोपवू नका.

चार फेऱ्या मारून माणसं थकतात आणि "जाऊ द्या, चालतोय ना" म्हणून गप्प बसतात. तसं करू नका. एकाच भागाबद्दल दहा गावांतून दहा तक्रारी नोंदल्या गेल्या, तरच त्या खेपेत खोट आहे हे बनवणाऱ्याच्या लक्षात येतं. न नोंदलेला दोष पुढच्या खेपेतही तसाच राहतो आणि दुसऱ्या कुणाच्या मुलीच्या हाती जातो. तुमची तक्रार लेखी द्या आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.